कणामास्तर निघता निघेना

“पाठ सरळ! खांदे मागे! हनुवटी वर!”

लॅपटॉप असा काही खेकसला की आत्याच्या हातातलं पुस्तक फटकन मिटलं. पलीकडे आरामखुर्चीत डुलक्या घेणारे दादा झोपेतच ताठ झाले. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, “मेला अजून आहेच का तो?”

मेला म्हणजे कणामास्तर. लॅपटॉपमध्ये मुक्काम ठोकून बसलेला, टोकदार मिशांचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला चित्रातला माणूस. समोर बसलेलं माणूस जरा वाकलं की कॅमेऱ्यातून ते हेरायचं आणि ओरडायचं, एवढंच त्याचं काम. नुसतं बघून त्याचं भागत नसे. मायक्रोफोनला कान लावून तो उसासे, जांभया आणि कण्हणंसुद्धा ऐकत बसे, कारण त्याच्या मते माणूस आधी कण्हतो आणि मग वाकतो. हा प्रोग्रॅम दादांनी मोठ्या हौसेने बसवला होता. दादा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. निवृत्तीनंतर त्यांच्या शिट्टीला घरात कुणी भीक घालेना, तेव्हा त्यांनी आपल्या जागी हा बदली शिक्षक नेमला. त्यांना तो फार आवडायचा. तो ओरडला की दादांच्या चेहऱ्यावर जुन्या विद्यार्थ्याने रस्त्यात ओळख दिल्यासारखं समाधान पसरत असे.

पण आज कणामास्तरांना घालवणं भाग होतं, आणि तेही दुपारी चारच्या आत.

आत्याची सगळी हयात बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” असं ती म्हणाली की रडणारी पोरंसुद्धा लक्ष देत. मग स्थानकावर ध्वनिमुद्रित आवाज आला, साहेबांनी गोड शब्दांत आभार मानले आणि आत्या भावाच्या घरी येऊन राहिली. तेव्हापासून एक गोष्ट तिला रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर आठवत असे. आपल्याकडे आवाजाशिवाय दुसरं काही नाही, आणि तो आता कुणाला नको आहे.

अशातच तिला कळलं की अंधांच्या ग्रंथालयाला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं माणूस हवंय. घरी बसून करायचं काम. तिने परीक्षा दिली. ग्रंथालयातल्या बाई फोनवर फार अदबीने बोलल्या. आवाज खणखणीत आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण आत्या गोष्ट वाचत नाही, पुकारते. नायिका आजारी पडली तेव्हा ती फलाट क्रमांक तीनवर आजारी पडल्यासारखं वाटलं म्हणे. ऐकणारा एकटा असतो, आपल्या खोलीत बसलेला असतो, त्याला वाचून दाखवावं तसं वाचा, असं त्या म्हणाल्या. अजून एक संधी मिळेल. आज चार वाजता परीक्षक लॅपटॉपवरून स्वतः ऐकतील. तिसरी संधी मात्र मिळणार नाही.

म्हणून सकाळपासून घरात धांदल होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून वहिनींनी दारांवर गोधड्या टांगल्या होत्या. इस्त्रीचं टेबल आत्याच्या उंचीला बरोबर पुरायचं, म्हणून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. लॅपटॉप तरी केवढा? भाचा, म्हणजे दादांचा मुलगा, कॉलेजात असताना दप्तरात वहीसारखा कोंबून न्यायचा तेवढा. परगावी नोकरी लागल्यावर तो मोठा घेऊन गेला आणि हा आत्याला ठेवून गेला. आत्याने ग्रंथालयाने दिलेला प्रोग्रॅम उघडला, तर पडद्यावर अक्षरं आली, ‘मायक्रोफोन दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे. तो मोकळा होण्याची वाट पाहत आहे.’

दुसरा प्रोग्रॅम कोण, हे सांगायला नकोच.

“दादा, याला आजच्या दिवस बंद करता नाही का येत?” आत्याने विचारलं.

“शिस्तीला सुट्टी नसते,” दादा म्हणाले, पण बहिणीचा चेहरा बघून वरमले. “बंद केला तरी तो परत उठतो गं. मीच तसं करून ठेवलंय. म्हटलं, तू त्याला बंद करशील.”

“मग काढूनच टाकते.”

दादांनी कणामास्तरांकडे एकदा बघून घेतलं. “काढ, चिमणे. तुझ्यापेक्षा जास्त आहे का तो?”

एवढ्या दणदणीत आवाजाच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

आत्याने प्रोग्रॅमांची यादी उघडली, कणामास्तरांवर बोट ठेवलं आणि ‘काढून टाका’ दाबलं. पडदा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, ‘काढून टाकणारी फाइल सापडली नाही. कृपया हा प्रोग्रॅम आधी बसवा.’

“आधी बसवा काय! बसलाय की तो! बोकांडी बसलाय!” आत्या म्हणाली. “दादा, यातली फाइल कुणी काढली?”

“मी हात लावलेला नाही.”

दोघांच्याही माना एकदमच स्वयंपाकघराकडे वळल्या.

इथे वहिनींबद्दल सांगायला हवं. त्यांच्या घराचा एकच कायदा होता आणि तो त्यांनीच केला होता. जी वस्तू वापरात नाही ती घरात नाही. या कायद्याखाली आजवर पाहुण्यांची छत्री, दादांचा एक कोट आणि नात्यातल्या कुणीतरी दिलेला कपांचा आख्खा सेट घराबाहेर गेला होता. एकदा तर त्यांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडंही देऊन टाकलं होतं, कारण इतक्या वर्षांत एकदाही आग लागली नव्हती.

“वहिनी,” आत्याने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “तुम्ही लॅपटॉप आवरलात का?”

“आवरला की! परवा.” वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना शाबासकीची अपेक्षा होती. “अहो वन्सं, काय पसारा होता आत! प्रत्येकापुढे लिहिलेलं असतं ना, शेवटचं कधी वापरलं ते? या मिशीवाल्याच्या खोलीत एक फाइल होती, तिच्यापुढे नुसती रेघ. आजवर एकदाही वापरलेली नाही! म्हटलं, ही कशाला जागा अडवतेय?”

“वहिनी, ती याला काढायची फाइल होती. ती एकदाच वापरायची असते. शेवटी.”

वहिनींनी क्षणभर विचार केला. “मग तसं लिहायचं ना वर,” त्या म्हणाल्या.

“बरं, ती अजून कचऱ्याच्या डब्यात असेल...”

“भरलेला डबा मी घरात राहू देते का कधी?”

आत्याने कपाळाला हात लावला. कणामास्तरांनी ते लगेच टिपलं. “डोकं वर! हात मांडीवर!”

दादा उठले. बाह्या सरसावून ते इस्त्रीच्या टेबलापाशी आले. “फाइल नाही तर नाही. आपण हाताने काढू. एकेकाला धरून बाहेर काढायचं. पोरांना मैदानाबाहेर काढत होतो मी, हा कोण लागून गेला?”

आत्या नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कणामास्तरांची खोली उघडली आणि दिसेल ती फाइल पुसायला सुरुवात केली. काही निमूट गेल्या. काहींनी ‘मी वापरात आहे’ असं सांगून जायला नकार दिला. दादांना उलट उत्तर देणाऱ्यांचा पहिल्यापासून राग. त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

पडद्यावर कणामास्तर उगवले. म्हणजे सगळे नाही उगवले. चेहरा गेला होता. डोळे, नाक, टोपी सगळं गेलं होतं. राहिल्या होत्या फक्त मिशा आणि त्यांच्याखाली अधांतरी लटकणारी शिट्टी.

“अगंबाई!” वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

मिशा हलल्या. “तुम्ही दिसत नाही!” त्या ओरडल्या. “तुम्ही पडलात का?”

“कुणी पडलेलं नाही!” दादा ओरडले.

“तुम्ही दिसत नाही! तुम्ही पडलात का?”

दादांनी पुसलेल्या फाइलींत त्याची बघायची सोयही पुसली गेली होती. आधी तो निदान वाकल्यावर ओरडायचा. आता त्याला घरातलं प्रत्येक माणूस सतत पडल्यासारखं वाटू लागलं. काळजीने त्याचा जीव कासावीस झाला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. आत्याने आवाज बंद करून पाहिला. ओरडणं थांबलं, पण मिशा मुक्याने हलत राहिल्या आणि मायक्रोफोन काही सुटला नाही. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला तर तो बिचारा तसाच, ‘वाट पाहत आहे.’

आत्याने भाच्याला फोन लावला. बंद. नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला लावला. तो काहीतरी खात होता.

“सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल,” तो म्हणाला. “आणून ठेवा. परवा बघतो.”

“अहो, मला आज चारला हवाय.”

“मग त्याची नवी आवृत्ती वरून बसवून बघा. कधी कधी होतं.” आणि त्याने पुढचा घास घेतला.

आत्याने नवी आवृत्ती उतरवून घेतली. बसवायला गेली, तर ती म्हणाली, ‘या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती आहे. आधी ती काढा.’ जुनी काढायला गेली, तर जुनी म्हणाली, ‘आधी बसवा.’ आत्याने पुन्हा एकदा करून पाहिलं, या आशेने की दोघींपैकी एकीला तरी आपल्या बोलण्याची लाज वाटेल. कुणालाच वाटली नाही. घड्याळात तीन वाजायला आले होते. आत्याने पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं, मिटलं. वाचून दाखवायची गोष्ट तिला जवळजवळ पाठ झाली होती. ती कशी हळू वाचायची, कुठे थांबायचं, हे तिने आरशासमोर बसून ठरवलं होतं. आणि आता एका मिशीपायी सगळं मुसळ केरात.

“म्हणजे काढायला तो बसवलेला नाही, आणि बसवायला तो काढलेला नाही,” वहिनी म्हणाल्या. “मग आहे तरी काय तो?”

“मागच्या फाटकातून आलेली गाडी,” आत्या वैतागून म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

स्थानकावर असं वरचेवर व्हायचं. एखादा घाईतला चालक पुढच्या फाटकातून न येता मागच्या फाटकातून गाडी घुसवायचा. गाडी फलाटावर उभी, प्रवासी आत बसलेले, पण ती आल्याचं पुकारलेलंच नाही. आणि जी आली म्हणून पुकारलेली नाही, ती सुटते म्हणून पुकारायची नाही, हा स्थानकाचा नियम. नव्या मुली अशा वेळी गोंधळून जात. आत्या जात नसे. ती शांतपणे माइक ओढायची, उभ्या असलेल्या गाडीला आधी रीतसर आली म्हणून पुकारायची आणि लगेच दुसऱ्या दमात सुटते म्हणून पुकारायची. गाडी निघून जायची.

“याला आधी नीट आत घ्यायचा,” आत्या म्हणाली. “मानाने. पुन्हा बसवायचा, होता तसाच, जुनाच. म्हणजे त्याच्याबरोबर त्याची काढायची फाइलही येईल. आणि मग घालवायचा.”

“त्याला घालवायला त्यालाच बोलवायचं?” वहिनींना हे मुळीच पटलं नाही. “आणि जुना आणणार कुठून?”

“दादांनी उतरवून घेतलेला मूळ प्रोग्रॅम. तो... तो पण टाकलात का तुम्ही?”

“छे!” वहिनी दुखावल्या. “तो कशाला टाकेन? तो एकदा वापरलेला होता.”

आत्याने वहिनींना मिठीच मारायची बाकी ठेवली. मूळ प्रोग्रॅम खरंच होता जागेवर. तिने तो उघडला. तो म्हणाला, ‘जागा अपुरी आहे.’

लहान लॅपटॉपचं हे असं. जीव मुठीएवढा. कुणी जागा खाल्ली म्हणून बघायला गेलं, तर एक भलामोठा व्हिडिओ निघाला, दादांच्या शेवटच्या वर्षीच्या क्रीडादिनाच्या संचलनाचा. त्याच्या शेजारी तोच व्हिडिओ. त्याच्या शेजारी पुन्हा तोच.

“दादा, हा तीनदा कशाला?”

“एक हरवला तर दुसरा असावा. दुसरा हरवला तर तिसरा.”

“पण तिन्ही एकाच लॅपटॉपमध्ये आहेत!”

दादा म्हणाले, “एकत्र असले की त्यांना सोबत होते.”

“आणि वहिनी, हे कसे सुटले तुमच्या तावडीतून?”

“तिन्ही वापरात होते,” वहिनी म्हणाल्या.

“ही फेकून देईल म्हणून मी पाळीपाळीने बघतो,” दादांनी कबूल केलं. “एका रविवारी पहिला, पुढच्या रविवारी दुसरा.”

बहीण भावाकडे बघत राहिली. मान फिरवून दादा म्हणाले, “दोन पूस. तिसऱ्यालाच सगळे रविवार देईन.”

दोन संचलनं गेली तशी जागा झाली. आत्याने मघाशी बंद केलेला आवाज पुन्हा सुरू केला आणि प्रोग्रॅम बसू लागला. पडद्यावरच्या मिशांच्या वर आधी नाक आलं, मग डोळे, मग टोपी. कणामास्तर संपूर्ण झाले, डोळे किलकिले करून त्यांनी तिघांना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुललं.

“स्वागत! चला, आधी चाचणी! कॅमेऱ्यासमोर उभे राहा!”

“आम्हाला चाचणी नकोय,” आत्या म्हणाली आणि मिळेल ते बटण दाबत सुटली. पण चाचणी झाल्याशिवाय कणामास्तर पुढचं काही दाखवेनात. आत्या समोर उभी राहिली. “पोक! पुन्हा!” वहिनी उभ्या राहिल्या. “उजवा खांदा खाली! पुन्हा!” घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आत्याचा धीर सुटत चालला.

“सरका,” दादा म्हणाले.

त्यांनी सदरा खाली ओढला, टाचा जुळवल्या आणि सावधानमध्ये उभे राहिले. ते घर, त्या गोधड्या, ते इस्त्रीचं टेबल, सगळं जणू मैदान झालं. कणामास्तर बराच वेळ बघत राहिले.

“उत्कृष्ट! असा कणा मी आजवर पाहिला नाही!”

दादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बघ,” ते म्हणाले. “आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.”

“मी म्हटलं होतं. लग्नाआधी,” वहिनी म्हणाल्या. “वन्सं, दाबा लवकर, यांचं काही खरं नाही.”

आत्याने ‘काढून टाका’ दाबलं. या वेळी फाइल सापडली. कणामास्तरांचा चेहरा पडला. “खरंच जाऊ?” हो. “माझं काही चुकलं का?” नाही. “पुन्हा एकदा विचार कराल का?” नाही, नाही, नाही! अखेर पट्टी सरकू लागली. गोगलगायीला मागे बघायला लावेल अशा संथपणे ती अर्ध्यावर आली, अर्ध्यावरून पुढे गेली आणि शेवटाजवळ येऊन थांबली. पडदाभर बारीक अक्षरं पसरली. वर लिहिलं होतं, ‘निरोपाचा करार. संपूर्ण वाचून मान्य करा.’

भिंतीवरच्या घड्याळाने चारचे ठोके दिले.

आत्याने बटणाकडे नेलेलं बोट वहिनींनी वरच्यावर पकडलं. “न वाचता हो म्हणायचं नाही. यांनी न वाचता हो म्हटलं, म्हणून तर हा घरात शिरला.”

“म्हणू द्या ना वहिनी,” आत्या म्हणाली. “चार वाजले. आता काय फरक पडतो?”

ती मटकन खाली बसली. परीक्षक चार वाजता आले असतील, कुणी नाही बघून निघून गेले असतील, आणि ग्रंथालयातल्या अदबशीर बाई आता दुसऱ्या कुणाला तरी फोन करत असतील. तिला भयंकर वाईट वाटलं. रडून घ्यावं असं वाटलं, पण भाऊ-भावजयीसमोर रडायची तिला लाज वाटली. मांडीवरचं पुस्तक तिने बाजूला ठेवून दिलं.

दादा तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. “मला काही दिसत नाही यातलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. वाच ना, चिमणे. काय म्हणतोय तो जाता जाता?”

दादा मुद्दामच म्हणाले असावेत. आत्याने नाक ओढलं आणि वाचायला लागली. तिला आता कुणाला काही दाखवायचं नव्हतं. शेजारी बसलेल्या भावाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात ती वाचू लागली.

“कलम एक. यापुढे वापरकर्ता जो पाठकणा वापरेल, तो स्वतःच्या जबाबदारीवर वापरेल.”

“आजवर काय याच्या जबाबदारीवर होता?” वहिनी म्हणाल्या.

“कलम दोन. वापरकर्ता वाकून बसल्याचे कंपनीला अन्य मार्गाने समजल्यास कंपनीला दुःख होईल.”

“अन्य मार्गाने म्हणजे?” दादांनी विचारलं.

“शेजारी सांगत असतील,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात हसू डोकावलं. “कलम तीन. कणामास्तरांनी वापरकर्त्याविषयी जे काही पाहिले असेल, ते ते कुणालाही सांगणार नाहीत.”

“बाई! काय काय पाहिलं असेल हो यानं?” वहिनींनी पदर सारखा केला आणि त्याही खुर्ची ओढून बसल्या. “नीट वाचा, वन्सं. सावकाश.”

आत्या सावकाश वाचू लागली. कलम पाचमध्ये कणामास्तरांची शिट्टी ही कंपनीची मालमत्ता असल्याचं लिहिलं होतं. तिथे दादांनी आपल्याकडे स्वतःची शिट्टी असल्याचं बजावलं आणि त्यांना समजावायला तिला थांबावं लागलं. कलम सातमध्ये एक वाक्य इतकं लांब होतं की ती त्यात शिरली आणि दुसऱ्या टोकाने दम टाकत बाहेर आली, तेव्हा वहिनींनी पाणी पुढे केलं. कलम आठ तिने कणामास्तरांच्या रडक्या सुरात वाचलं, कारण ते तसंच लिहिलेलं होतं. “आम्ही गेल्यावर तुमच्या खांद्यांना कोण आहे?” दादा हसता हसता खोकायला लागले. आत्याला स्वतःलाच हसू आवरेना. कलम दहाच्या मध्यावर ती थांबली, तिने डोळे पुसले आणि पुन्हा सुरू करायच्या आधी श्वास घेतला.

“थांबलात का?” लॅपटॉपमधून पुरुषी आवाज आला.

तिघंही जागच्या जागी थिजले. सर्वांत आधी वहिनी भानावर आल्या. त्या तडक उठल्या, दारामागचा झाडू घेतला आणि लॅपटॉपवर उगारला.

“अजून आहेस का रे तू? करार वाचतोय ना तुझा? निमूट वाट बघ! मिशा दाखवून घाबरवतोस काय आम्हाला?”

“मला मिशा नाहीत हो,” आवाज म्हणाला. तो म्हातारा, जरा घोगरा आणि अगदी सभ्य होता. “मी ग्रंथालयातून बोलतोय. चारची परीक्षा होती ना?”

वहिनींनी झाडू पाठीमागे लपवला. ते बघणारं तिथे कुणी नव्हतं, तरी लपवला.

आत्याला सगळं एकदम उमगलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जायला निघालेल्या कणामास्तरांनी पहिल्यांदा मायक्रोफोन सोडला होता. आणि दुपारपासून मागे ताटकळत वाट पाहणाऱ्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमने तो तेवढ्यात उचलला होता.

“तुम्ही... तुम्ही कधीपासून ऐकताय?”

“पाठकणा स्वतःच्या जबाबदारीवर, तिथपासून.”

“माफ करा हो,” आत्या धडपडत उठली. पुस्तक कुठे ठेवलं तेच तिला आठवेना. “फार गोंधळ झाला इथे. मी गोष्ट तयार केलीय, चांगली तयार केलीय, लगेच वाचते. एकच मिनिट द्या.”

“कशाला?” परीक्षक म्हणाले. “अहो, मला जन्मापासून दिसत नाही. आजवर कितीतरी जणांनी मला वाचून दाखवलं. चांगलं वाचतात सगळे. पण बहुतेकांचं लक्ष मला कसं वाटतंय याकडेच असतं. आज मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरी गेलोय, आणि मलाही बसायला खुर्ची दिलीय.”

दादांनी आत्याचा हात धरला.

“मग परीक्षा?” तिच्या वतीने वहिनींनीच विचारलं.

“ती झाली की. पहिलं पुस्तक सोमवारी पाठवतो. जाडजूड आहे, चालेल ना?”

“चालेल,” आत्या म्हणाली. म्हणजे तिने तसं म्हणायचा प्रयत्न केला. आयुष्यभर आख्ख्या स्थानकाला ऐकू जाणारा तिचा आवाज शेजारच्या दादांनाही धड ऐकू आला नाही.

“चालेल म्हणतेय ती,” दादांनी लॅपटॉपकडे वाकून ओरडून सांगितलं.

“आलं ऐकू. बरं, मग आता पुढे वाचा.” परीक्षकांनी पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. “कलम दहा अर्धं राहिलंय. तो माणूस शेवटी जातो की नाही, ते कळल्याशिवाय मी काही उठणार नाही.”

आत्याने पदराने तोंड पुसलं, पडद्यावर बोटाने जागा शोधली आणि कलम दहा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्याच शब्दाला तिला हसू फुटलं.